ताशी एक बोट

दिग्रसच्या मोटारस्थानकावर एखाद्या नवख्याने यवतमाळ किती लांब आहे असे विचारले, तर आमचे भूगोलाचे मास्तर शांतपणे उत्तर देत, "चार मिनिटे."

त्या काळी सरकारी मोटार हे अंतर तोडायला अडीच-तीन तास घेई, आणि वाटेत इंजिनात पाणी ओतायला थांबे ते वेगळे. विचारणारा हसून दुसऱ्या कोणाकडे वळे. आपण काही गमतीचे बोललो असे मास्तरांना मात्र कधी वाटत नसे. नव्या जेट विमानाचा वेग ताशी पाचशे मैल, दिग्रसहून यवतमाळ सरळ रेषेत तेहतीस मैल. ज्याला शंका असेल त्याने भागाकार करून पाहावा. एकदा एक कंडक्टर त्यांना म्हणाला, "मास्तर, मंग तुमी इमानानंच जा ना. कायले आमच्या गाडीत गर्दी करता?"

मास्तर म्हणाले, "उतरायला जागा नाही."

छप्पन सालानंतरची सात-आठ वर्षे मी त्या गावी संस्कृत शिकवीत होतो आणि मास्तर माझे शेजारी होते. आमच्या दोन खोल्यांमध्ये एक कुडाची भिंत होती. पहाटे स्नान आटोपून मी माझ्या नित्यपाठाला बसे, त्याच वेळी पलीकडे मास्तरही स्नान करून पाटावर बसत आणि विमानांची वेळापत्रके मोठ्याने वाचीत. ही वेळापत्रके ते मुंबईच्या विमान कंपन्यांना पत्रे लिहून मागवीत. कंपन्या बिचाऱ्या हा कोणी मोठा प्रवासी असावा अशा समजुतीने ती धाडीत. पोस्टमन गुळगुळीत कागदाचा तो लखोटा देताना दर वेळी विचारी, "मंग, कवा निघता?" आणि मास्तर दर वेळी सांगत, "शाळेला सुट्टी लागू द्या." प्रत्यक्षात आर्णीला बहिणीकडे जायचे झाले तरी ते मोटारीत मळमळते म्हणून बरीच वाट पायी जात.

भिंतीपलीकडून कैरो, रोम, लंडन, न्यूयॉर्क अशी नावे ठराविक लयीत येऊ लागली की प्रथम प्रथम माझा पाठ चुके. पुढे सवय झाली. आणखी पुढे असे झाले की ती नावे कानी आली नाहीत, तर मास्तरांना बरे नसावे असे समजून मी दार ठोठावी.

त्यांच्या खोलीत एकच मौल्यवान वस्तू होती. मातीचा पृथ्वीगोल. तो त्यांनी आर्णीच्या कुंभाराकडून घडवून घेतला होता. कुंभार आधी तयार होईना. "तोंडाबिगर मडकं भट्टीत फुटते, मास्तर. वाफेले वाट पायजे," असे त्याचे म्हणणे. अखेर दक्षिण ध्रुवाशी एक भोक ठेवायचे ठरले. "तिथे कोणाचे जाणे-येणे नाही," असे म्हणून मास्तरांनी ती तडजोड स्वीकारली. गोल भाजून आला तो ब्राझीलच्या बाजूला किंचित चेपलेला. पण घेर मास्तरांच्या बोटांनी मोजून बरोबर पन्नास बोटे भरला. तसाच भरावा म्हणून त्यांनी कुंभाराला आपल्या बोटाचे माप काडीवर खुणा करून दिले होते. पृथ्वीचा घेर पंचवीस हजार मैल धरला, तर एक बोट म्हणजे पाचशे मैल. आणि विमान तासाला पाचशे मैल जाते. मास्तरांच्या घरी विमान ताशी एक बोट चालत असे.

गावातल्या सरकी काढण्याच्या जिनातून आणलेल्या रुईचा त्यांनी स्वतः टकळीवर दोरा काढला होता. त्यावर बोटाबोटाच्या अंतराने गाठी मारल्या होत्या. मास्तर वर्गात तो दोरा गोलावर ताणून धरीत आणि म्हणत, "मोजा." कैरो साडेपाच बोटे. टोकियो साडेआठ बोटे. मुले गाठी मोजीत आणि तास सांगत. गावात त्यांचे नाव अर्थातच 'गोल मास्तर' पडले. त्यांना ते ठाऊक होते. मला एकदा म्हणाले, "नाव शास्त्रशुद्ध आहे."

मी थोडेबहुत ज्योतिष वाचलेला मनुष्य. उज्जयिनीवरून जाणारी मध्यरेषा, तिच्या पूर्वेस आणि पश्चिमेस असलेल्या गावांसाठी करायचा देशांतर-संस्कार म्हणजे वेळेतली दुरुस्ती, हे सारे मला मुखोद्गत होते. भूगोल हा शब्द मी हजारो वेळा उच्चारला असेन. एके रविवारी मास्तरांनी मला भिंतीवरच्या नकाशापुढे उभे केले आणि मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारी सर्वांत जवळची वाट बोटाने दाखवायला सांगितली. मी अरबस्तान, आफ्रिकेचा माथा आणि मग अटलांटिक असे बोट सरळ पश्चिमेस नेले.

"आता इथे धरा," असे म्हणून त्यांनी दोऱ्याचे एक टोक माझ्या हाती देऊन गोलावरच्या मुंबईवर दाबायला लावले. दुसरे टोक त्यांनी न्यूयॉर्कवर धरले. दोरा सैल होता तोवर मी दाखवलेल्या वाटेने आफ्रिकेवर पडून होता. मग ते हलकेच ओढू लागले. दोरा सरकला. कोणी ढकलल्यावाचून तो इराणवर चढला, तिथून रशियावर गेला, आणखी ताण बसला तसा उत्तरेच्या हिमसमुद्राच्या काठाने वर जाऊन पलीकडे कॅनडात उतरला आणि मग स्थिर झाला. साडेपंधरा बोटे.

"मी काही केले नाही," मास्तर म्हणाले. "मी फक्त ओढले. वाट त्याची त्याने शोधली."

 भूगोल हा शब्द मला लहानपणापासून येत होता, परंतु गोल म्हणजे काय हे त्या दिवशी माझ्या बोटाखाली सरकले. ज्या जगन्नियंत्याने ही वाट घडवली तो ती कोणालाही न सांगता मोकळी ठेवतो, आणि दिग्रसमधल्या एका दोऱ्याला ती सापडते, हा विचार मनात येऊन मी मास्तरांना नमस्कार केला. ते संकोचले. म्हणाले, "अहो, अजून मधले थांबे धरायचे आहेत. कोणतेही विमान या वाटेने एका दमात जात नाही. कैरो, रोम, लंडन करीत गेले तर पावणेसतरा बोटे होतात."

मास्तरांना 'सुमारे' हा शब्द वर्ज्य होता. विद्यार्थ्याने 'सुमारे सहा तास' म्हटले की ते विचारीत, "म्हणजे तुला येत नाही ना?" या एका गुणापायी त्यांचे फारसे कोणाशी जमले नाही. हाच गुण पुढे त्यांना तानाबाईच्या अंगणात घेऊन गेला.

तानाबाई जिनात कापूस वेचून साफ करण्याचे काम करीत असे. नवरा लवकर गेला. छप्पन साली वस्तीने धम्मदीक्षा घेतली तेव्हा तिने घरातले देव गोळा करून नदीत सोडले आणि एकुलत्या एका मुलाला शाळेतून काढायचे नाही असे ठरवले. तो मुलगा मास्तरांचा विद्यार्थी. दोऱ्याच्या गाठी सर्वांत भरभर मोजणारा, असे मास्तर सांगत. तो नागपूरला शिकला, इंजिनियर झाला आणि पुढील शिक्षणासाठी त्याला अमेरिकेची शिष्यवृत्ती मिळाली. तो निघाला त्याच सुमारास तानाबाई मुदतीच्या तापातून उठली होती. अंगावर मांस उरले नव्हते. दर दोन तासांनी पोटात काही गेलेच पाहिजे, नाहीतर ताप उलटेल, असे डॉक्टरांनी बजावले होते.

मुंबईहून मुलाचे पत्र आले. मंगळवारी सकाळी आठ वाजता सांताक्रुझहून विमान सुटेल आणि मंगळवारीच संध्याकाळी साडेसातला न्यूयॉर्कला पोचेल, असे त्यात लिहिले होते. पत्र वाचून दाखवले जिनातल्या मुकादमाने, आणि हिशेबही त्यानेच सांगितला: आठ ते साडेसात, साडेअकरा तास. सबंध वस्तीने तो मान्य केला.

मंगळवारी शाळा सुटताना ही गोष्ट मास्तरांच्या कानावर आली. ते घरी आले ते गोल फडक्यात बांधायलाच. मला म्हणाले, "चला. चूक होते आहे." मला वाटले, फार मोठे काही घडले असावे. मी संध्या आटोपून त्यांच्याबरोबर निघालो. पत्रातला मजकूर त्यांनी वाटेत सांगितला. दुसरे काही त्यांना माहीत नव्हते, आणि मलाही नव्हते.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात दहा-बारा माणसे होती. कंदील लावला होता. तानाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिच्यापुढे शेजारणीने थाळी वाढून ठेवली होती. ज्वारीची भाकर आणि तुरीचे वरण. मुकादम मनगटावरचे घड्याळ पाहत होता.

"साडेसात झाले," तो म्हणाला. "पोचला. खा आता, मावशी."

"नाही पोचला," मास्तर म्हणाले.

सगळे वळले. मास्तरांनी गोल फडक्यातून काढला आणि कंदिलाजवळ नेला. "घड्याळे दोन आहेत," ते सांगू लागले. "आठ वाजले ते मुंबईच्या घड्याळात. साडेसात वाजतील ते तिथल्या. हा कंदील सूर्य धरा. आपल्याकडे दिवस बुडाला, तेव्हा तिकडे आत्ता कुठे सकाळचे नऊ वाजले आहेत. त्यांची संध्याकाळ व्हायला साडेदहा तास आहेत. विमान आपल्या घड्याळाने उद्या सकाळी सहाला पोचेल."

"तिथं आता सकाळ हाये?" मुकादमाने विचारले. "मंगळवारची? ते तं आपली झाली."

"तीच. आपली वापरून झाली, आता तिकडे गेली."

"म्हंजे अमेरिकेले आपली उष्टी सकाळ भेटते का, मास्तर?"

माणसे हसली. मास्तरही समाधानाने मान डोलवीत होते, कारण उपमा चुकीची नव्हती. तेवढ्यात तानाबाईने थाळी बाजूला सारली.

"मंग तो अजून हवेतच हाये," ती म्हणाली.

शेजारीण उसळून मास्तरांवर आली. "काहून आले तुमी? सकाळपासून बाईनं पान्याबिगर काही घेतलं नाही. पोरगं हवेत हाये तवापर्यंत घास उतरत नाही म्हणते. आता कुठं हात धुतला होता तिनं. तुमचं ते मडकं उद्या नसतं आणता आलं?"

मास्तरांचा चेहरा उतरला. गणिताच्या दुसऱ्या टोकाला भुकेले माणूस बसले असेल ही कल्पनाच त्यांना नव्हती. मी पुढे होऊन तानाबाईला समजावू लागलो, की आजारी माणसाला शास्त्राने उपवास सांगितलेला नाही. दूध चालते, फळे चालतात, औषध चालते.

"हा उपास नोय, गुरुजी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "उपास-नवस आमी सोडले. कोनाले काही मागतलं नाही मी. पन त्याच्या पायाखाली जमीन नाही, अन् मी इथं जमिनीवर बसून चावून राह्यली, हे जमत नाही मले. घशाशीच अडकते."

 मास्तर गोल बांधू लागले. गाठ बसेना. ती बसल्यावर म्हणाले, "सकाळी सहाला मी येतो. मी सांगितले की जेवाल?"

"तार येऊ द्या ना."

"तार यायला परवा होईल. तोवर तुम्ही उठू शकणार नाही. मी सांगितले तर?"

तिने त्यांच्याकडे पाहिले. "तुमी सांगितलं तं जेवीन. तुमी कधी अंदाजानं बोलत नाही, असं पोरगं म्हणे."

सकाळी साडेपाचला मास्तरांनी माझ्या दारावर थाप दिली. आम्ही गेलो तेव्हा तानाबाई त्याच भिंतीशी होती, ओठ कोरडे पडलेले, डोळे खोल गेलेले. शेजारणीने दूध-भाकरी कुस्करून वाटीत आणली होती. मास्तर घड्याळ हातात धरून उभे राहिले. काटा सहावर आला, पुढे सरकला, तरी ते बोलेनात. मी त्यांना इतकी वर्षे ओळखत होतो. उत्तर यायला इतका वेळ लागलेला मी कधी पाहिला नव्हता.

"पोचला," ते म्हणाले.

"नक्की?"

"दोऱ्याप्रमाणे पोचला."

तिने वाटी घेतली. पहिला घास तिने बराच वेळ तोंडात ठेवला, मग तो उतरला. शेजारणीने पदराने डोळे पुसले आणि मास्तरांना बसायला पोते टाकले; पण ते थांबले नाहीत. वाटेत मी त्यांचे अभिनंदन करू लागलो, तर ते रस्त्यातच उभे राहिले.

"दोरा अंतर सांगतो," ते म्हणाले. "उशीर सांगत नाही. वारा असतो, धुके असते. मी आज 'सुमारे' म्हणायला हवे होते, पण म्हटले असते तर ती जेवली नसती." मग सहज सांगावे तसे म्हणाले, "तार येईपर्यंत मी काही घेणार नाही. काल रात्रीही घेतले नाही. तिचे थांबवले आहे ना, ते कोणीतरी चालू ठेवले पाहिजे."

हे कोणत्या शास्त्रात बसते असे मी त्यांना विचारले नाही. मी आयुष्यभर व्रते केली, इतरांना सांगितली, त्यांची फळे वाचून दाखवली. दुसऱ्याने मोडलेले व्रत आपल्या अंगावर घेणारा मनुष्य मी तोवर पाहिला नव्हता. आणि या मनुष्याच्या खोलीत देवाची एक तसबीरदेखील नव्हती. त्या दिवशी माझ्या पत्नीने दोनदा ताट पाठवले. दोन्ही वेळा ते जसेच्या तसे परत आले. मास्तर शाळेत गेले, त्यांनी पाचही तास घेतले. गुरुवारी सकाळी भिंतीपलीकडे वेळापत्रकाचा पाठ झाला नाही. मी दार ठोठावले तेव्हा ते पाटावर बसलेले होते. कागद समोर होते, ओठ मिटलेले होते.

तार गुरुवारी दुपारी शाळेच्या पत्त्यावर मास्तरांच्याच नावाने आली. त्यांनी ती शिक्षकांच्या खोलीत उभ्यानेच वाचली, खिशातून पेन्सिल काढली, तारेच्या मागे चार आकडे मांडले आणि खाली बसले. माझ्यापुढे कागद केला. लंडनवर धुके असल्यामुळे रोमला चौदा तास थांबावे लागले, सुखरूप पोचलो, एवढाच मजकूर होता.

"आनंदाची गोष्ट आहे," मी म्हणालो.

"मी सहाला पोचला म्हणालो. तो त्यानंतर चौदा तासांनी पोचला. मी तिला खोटे सांगितले."

तिला वाचता येत नाही, सुखरूप एवढेच सांगावे, असे मी सुचवले. वयाने आणि विद्येने मी वडील होतो. तरी त्यांनी माझ्याकडे जे पाहिले त्याने मला माझीच लाज वाटली. ते उठले. चालताना पाय डळमळत होते, म्हणून मी हाताला धरले.

तानाबाई अंगणात तूर निवडत होती. दोन दिवसांत चेहऱ्यावर थोडे तेज आले होते. मास्तरांनी उभ्याउभ्याच सांगितले, "सुखरूप पोचला. तार आली." तिने हात जोडले. लगेच मास्तर पुढे म्हणाले, "पण बुधवारी सकाळी पोचला नव्हता. माझे चुकले. रात्री आठला पोचला. तुम्ही सकाळी जेवलात तेव्हा तो वाटेतच होता. विमान रोमला उभे होते."

तिने सूप खाली ठेवले. "उभं होतं? म्हंजे खाली?"

"जमिनीवर. धुक्यामुळे थांबले होते. साडेआठला उडाले."

"मी सहाले जेवली."

"हो."

"तवा तो जमिनीवर होता. मंग चुकलं कुठं तुमचं?"

"चुकले," मास्तर म्हणाले. "उत्तर जुळले ते योगायोगाने. रीत चुकली."

ती हसू दाबीत होती. मग काही आठवून थांबली आणि बोटांवर मोजू लागली. "साडेआठले उडालं. मी दुपारी भाकर खाल्ली. दिवेलागणीले खिचडी खाल्ली, शेजारनीनं वरून तूप घातलं. तवा हवेत होता?"

"दोन्ही वेळा. दुपारी लंडन सोडले असेल. खिचडीच्या वेळी अमेरिकेचा किनारा यायचा होता."

"अन् तरी काही झालं नाही."

"नाही."

 आपण अंगणात आहोत हे जणू ती विसरली होती. मग हळूच म्हणाली, "म्हंजे माह्या घासाचं ओझं नाही पडत त्याच्यावर." आणि मास्तरांकडे नीट पाहिले. "तुमी काहून असे दिसून राह्यले? जेवले नाही काय?"

 मी सांगितले, मंगळवारपासून.

ती उठून आत गेली, भाकरी आणि वरण घेऊन आली आणि त्यांच्यापुढे ठेवले. मला विचारावे की नाही, असे तिच्या चेहऱ्यावर क्षणभर दिसले. मी म्हणालो, "मलाही." असे घर, अशी थाळी, हे त्याआधी माझ्या आयुष्यात घडले नव्हते. आम्ही शेजारी शेजारी बसलो. मास्तरांनी पहिला घास घेतला.

तानाबाई मोठ्या आवाजाची बाई. जिनाच्या खडखडाटात बोलून बोलून आवाज तसा झालेला. ती आनंदाने मुलाच्या लहानपणाचे काही सांगू लागली, शेजारणीला हाक मारू लागली. मध्येच तिने विचारले, "मास्तर, तो आता काय करत असंल?"

मास्तरांनी घड्याळ काढून पाहिले. आपल्याकडे दुपारचे दोन वाजले होते.

"तिथे पहाटेचे साडेतीन आहेत," ते म्हणाले. "झोपला असेल."

तानाबाईने शेजारणीला हाताने थांबवले आणि राहिलेली गोष्ट आम्हाला अगदी हलक्या आवाजात सांगितली.